सोमवारची राखण

सायकल असून जन्मभर पायी चाललेला माणूस मी एकच पाहिला. ऊन असो, पाऊस असो, महाल भागातल्या बाजाराच्या गल्ल्यांमधून आमच्या दुकान-कामगार युनियनचे सेक्रेटरी सायकल हातात धरून चालत राहायचे. कुणी म्हटलं, "सेक्रेटरी, बसा ना गा सायकलवर," तर थांबून, अगदी गंभीरपणे विचारायचे, "ऑफिसवर कोनी बसते काय?" आमच्या युनियनचं ऑफिस म्हणजे ती सायकल. कॅरिअरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सुतळीनं बांधलेला, त्यात पावतीपुस्तक, शिक्का, शाईची गादी आणि कायद्याचं एक फाटकं पुस्तक. सायकल निंबाच्या झाडाला टेकवली की ऑफिस उघडलं, हँडलला हात घातला की ऑफिस बंद. तिची चेन कधीचीच तुटून गेली होती, ती त्यांनी पुन्हा बसवलीसुद्धा नाही. अशा माणसावर अख्ख्या बाजारानं भरवसा कसा टाकला याचं मला अजून नवल वाटतं. मी तर भरवशाच्याही पुढे गेले, पण ते पुढे येईलच.

मी तेव्हा महालातल्या एका सहकारी ग्राहक भांडारात बिलं फाडायचे. वडील गेलेले, दोन धाकटे भाऊ शिकत होते, म्हणून मॅट्रिक झाले आणि काउंटरमागे उभी राहिले. सेक्रेटरी समोरच्या मोठ्या किराणा दुकानात तराजूवर होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे असतील. उंच, काटकुळे, पायजम्यावर कायम हळदीचा नाहीतर तिखटाचा डाग. आवाज इतका हळू की बोलायला लागले की चार माणसं आपोआप जवळ सरकायची. बाजारात त्यांना नावानं कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. मालकसुद्धा चिडले की "ओ सेक्रेटरी" म्हणायचे. मला ते म्हणायचे "बिलवाल्या बाई". पुढे ओळख वाढली, सगळं वाढलं, तरी मी बिलवाल्या बाईच राहिले.

जन्मभर गिऱ्हाईक केल्यानं एक खोड त्यांच्या अंगात अशी मुरली होती की काही विचारू नका. बोलणं संपलं की म्हणायचे, "आनखी काय देऊ?" युनियनच्या सभेत कामगारांचे हक्क, मालकांची लबाडी, सगळं छान सांगून व्हायचं, लोक गरम व्हायचे, आणि शेवटी हे हात जोडून म्हणायचे, "आनखी काय देऊ?" लोक हसत हसत घरी जायचे. मी एकदा चिडून म्हटलं, अहो, भाषणाचा सत्यानाश करता तुम्ही. तर म्हणाले, ज्याले जेवढं पाह्यजे तेवढंच द्यावं बाई, जास्त दिलं त वापस येते.

आता मागणी काय होती ते सांगते. आजच्या पोरांना खोटं वाटेल, पण आम्हाला आठवड्याची सुट्टी हवी होती. बस, एवढीच. कायद्यात ती होती, बाजारात नव्हती. किराण्याचं दुकान सकाळी उघडायचं ते दिवेलागण होऊन गेल्यावर बंद व्हायचं, बाराही महिने. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, मालकाच्या मेहेरबानीवर. बाकीच्यांना सुट्टी हवी होती ती पाठ टेकायला, लेकराबाळांत बसायला. सेक्रेटरींचं कारण वेगळं होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही.

आम्ही चारपाच जण पहिल्यांदा कामगार ऑफिसरकडे गेलो तेव्हाची गोष्ट. साहेब कंटाळलेले. म्हणाले, सुट्टी घेऊन तुम्ही लोक करणार काय? कुणी आराम म्हणालं, कुणी देवदर्शन म्हणालं. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, माही बायको नरखेडच्या पुढं खेड्यात राह्यते. म्हातारी माय गाव सोडत नाही, आन् बायको मायले सोडत नाही. मी जातो पोळ्याले आन् दिवाळीले. मागच्या दिवाळीले गेलो त कुत्रं भुकलं माह्यावर. घरचं कुत्रं, साहेब." साहेबांनी मान वर करून पाहिलं. खोलीत कुणी हसलं नाही. मग हे आपले खोडीप्रमाणे हात जोडून म्हणाले, "आनखी काय देऊ?" आणि साहेबांना इतकं हसू आलं की त्यांनी चहा मागवला. चहा झाला, सुट्टीचं काही झालं नाही.

मग मोर्चा काढायचा ठरला. त्याची तर काय फजिती सांगू. दिवसभर "हो मालक, या वहिनी, काय देऊ" करणाऱ्या गळ्यांतून घोषणा निघेचना. निघाली ती उधारीवर तेल मागितल्यासारखी. गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या बाईनं रांगेतल्या एकाला ओळखलं आणि विचारलं, "काय गा, पावभर साबुदाना भेटंन काय?" तो गडी "हो, देतो ना" म्हणून झेंडा शेजाऱ्याच्या हातात देऊन जो दुकानाकडे वळला, तो मागून आणखी दोघं त्याच्याबरोबर, पोतं सोडायला एक आणि पुडी बांधायला एक. मालक ओट्यावर उभे राहून पोट धरून हसत होते. मला तर रडू फुटलं. सेक्रेटरींनी काय केलं असेल? त्यांनी त्या तिघांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे कामाचं आहे. मला तेव्हा काहीच कळलं नाही.

बाजारानं हार मानली ती मोर्च्यामुळे नाहीच, पुड्यांमुळे. तेव्हा प्लास्टिक नव्हतं, जिरं, मोहरी, साखर सगळं रद्दीच्या कागदात बांधून मिळायचं. आम्ही चौकात पत्रकं वाटायचो आणि लोक दोन पावलांवर फेकून द्यायचे. सेक्रेटरी म्हणाले, वाटलेला कागद कोनी वाचत नाही, पुडीचा कागद सगळे वाचतात. खरंच होतं ते. बाई घरी जाऊन पुडी सोडते, डबा भरते आणि कागद फेकायच्या आधी त्यावर नजर फिरवते. मग त्यांनी स्वस्तातल्या कागदावर पत्रक छापून घेतलं आणि एका ओळखीच्या रद्दीवाल्यामार्फत तो गठ्ठाच्या गठ्ठा दुकानांना रद्दी म्हणून घातला. मालक रद्दी तोलून घेतात, वाचून कोण घेतो? पत्रकावर एवढंच होतं: "वहिनी, हे जिरं बांधणाऱ्या माणसाला आठवड्यात एकही सुट्टी नाही. सोमवारी किराणा घेऊ नका." आणि आमचेच लोक आमचंच पत्रक चिमटीत धरून, शंकू करून, मालकाच्या डोळ्यांदेखत घरोघर पोचवत होते.

महिनाभरात अख्ख्या महालात तीच चर्चा. बाया दुकानात येऊन मालकांना तोंडावर विचारायला लागल्या. समोरच्या दुकानाचे शेठ सगळ्यांत हट्टी, ते म्हणायचे मी मेलो तरी कुलूप लावणार नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्याच दुकानातली मोहरी गेली, आणि शेठाणीनं पुडी सोडली. पुढे काय झालं ते त्यांच्या घरातलं त्यांना माहीत, पण शेठ दुसऱ्या दिवशी मवाळ झाले होते. सोमवार ठरला. मालकांनी सह्या केल्या, आम्ही पेढे वाटले, आणि सेक्रेटरींनी नरखेडच्या एस.टी.ची वेळ विचारून ठेवली.

पण गेले नाहीत हो. पहिल्या सोमवारी काय झालं, सकाळी सगळे कामगार आंघोळ करून, केस विंचरून बाजारात हजर. बंद शटरसमोर आपापल्या जागी उभे. पाय आपोआपच आले म्हणे. एकाची तर वेगळीच तऱ्हा, घरी थांबला तर बायको रडायला लागली, तिला वाटलं नोकरी गेली. सेक्रेटरी रविवारी रात्रीच्या गाडीनं जायचे होते, पण "पयला दिवस आहे, पाहून जातो" म्हणून थांबले होते. ते प्रत्येकाला हाताला धरून घरी सोडत हिंडले आणि घरच्यांना सुट्टी म्हणजे काय ते समजावत बसले. सोमवार संपला.

दुसऱ्या सोमवारी कळलं की मालकही काही कमी नाहीत. शटर खाली, कुलूप बाहेरून नाही, आणि आत माणसं. धान्य निवडा, डबे पुसा, पुड्या बांधून ठेवा. "विक्री बंद आहे ना, मग?" असं त्यांचं म्हणणं. आतल्या कामगाराची बोलायची छाती नाही. सेक्रेटरींनी मग सायकल घेतली आणि एकेका शटरसमोर जाऊन थाप मारली. आत चिडीचूप. तेव्हा त्यांना मोर्च्यातला तो साबुदाणा कामाला आला. शटरला तोंड लावून गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारायचे, "पावभर साबुदाना भेटंन काय?" आणि आतून, मालकानं डोळे वटारायच्या आत, सवयीनं उत्तर यायचं, "हो, देतो ना." मग हे शटर वर करायला लावायचे, मालकाला नम्रपणे नमस्कार करायचे आणि माणसांना बाहेर काढून घरी लावून द्यायचे.

एक सोमवार गेला, दुसरा गेला, पावसाळा गेला. सेक्रेटरींची पाठ फिरली की शटरं खाली ओढली जायची आणि माणसं आत. इन्स्पेक्टर कधी यायचा नाही. म्हणजे सगळ्या बाजाराला सोमवार मिळाला आणि ज्याच्या डोक्यातून तो निघाला त्याला तो मिळाला नाही. लोक आपले बायका-पोरांना घेऊन तेलंगखेडीच्या बागेत जायला लागले. हे शटरं वाजवत फिरायचे. मी एकदा म्हटलं, जा ना एकदा तरी गावाला. तर म्हणाले, एक सोमवार सोडला की वर्ष सुटते बाई. बोलले आणि सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत बसले.

मग एका सोमवारी त्यांची बायकोच आली. मी देवळातून येत होते, तर समोरच्या बंद दुकानापुढे एक ठेंगणी, सावळी बाई पिशवी घेऊन उभी. नऊवारीचा पदर डोक्यावर, डोळे मोठे चपळ. मला म्हणाली, इथं तराजूवर असतात ते कुठं भेटतील? मी ओळखलं. म्हटलं, चला, मी नेते. गल्लीगल्लीत त्यांना शोधत आम्ही दोघी पुष्कळ वेळ चाललो आणि मी सारखी बोलत होते. त्यांचं ऑफिस, त्यांच्या पुड्या, ते साहेबाला काय म्हणाले, शेठ कसे नरमले. ती हूं हूं करत ऐकत होती. शेवटी एका शटरला तोंड लावून साबुदाणा मागताना ते दिसले. बायकोला पाहून त्यांचा चेहरा असा काही झाला की मीच दुसरीकडे पाहिलं.

"काहून आली?" ते म्हणाले.

"पाह्यले आली," ती म्हणाली.

तिला जेवायला मी घरी नेलं. संध्याकाळी एस.टी.वर सोडायला ते आले होते, पण गाडी लागली आणि तेवढ्यात कुणीतरी पळत आलं, अमक्याच्या दुकानात माणसं आत घेतली म्हणून. ते गेले. बाईनं खिडकीतून माझा हात धरला. "बाई, सगळ्यायची सुट्टी हे राखते," ती म्हणाली. "ह्यायची कोन राखंन?"

त्या आठवड्यात मी ऑफिसच्या हँडलला हात घातला. म्हटलं, सोमवार मी बघते, तुम्ही जा. आधी त्यांनी ऐकलंच नाही. बाईमाणूस, एकटी, मालक लोक तोंडाला येईल ते बोलतील. मी म्हटलं, तुमचा आवाज आता सगळ्या बाजाराला पाठ झाला आहे, आतून कुणी उत्तर देत नाही. किराणा मागायचा तर बाईच्याच आवाजात मागावा. हे त्यांना पटलं. रविवारी दुकान बंद झाल्यावर सायकल माझ्या दाराशी आणून लावली, डब्याची सुतळी ओढून पाहिली आणि जाताना म्हणाले, "बसू नका हं तिच्यावर." मी म्हटलं, चेन तरी आहे का बसायला?

पहिल्याच सोमवारी मी शटरपाशी जाऊन म्हटलं, "भाऊ, पावभर साबुदाणा द्या ना, उपास आहे," आणि आतून तिघांनी एकदम हो म्हटलं. मालक बाहेर आले, काय वाट्टेल ते बोलले. मीही काही कमी बोलले नाही, माझी जीभ तेव्हाही अशीच होती. हळूहळू त्यांनी नाद सोडला. तरी फेरी चुकवून चालत नव्हती. मंगळवारी सकाळी सेक्रेटरी गावाहून परत आले की आधी भांडारात यायचे, काउंटरवर मोसमाप्रमाणे संत्री नाहीतर मोसंबी ठेवायचे आणि विचारायचे, बाजार कसा होता? त्यांच्या अंगाला मातीचा वास असायचा. चेहरा उजळलेला. त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत मी सांगायचे, ठीक होता.

मला ते आवडत होते. आता सांगायला कसली लाज? सोमवारी बंद बाजारातून ती सायकल नेताना हँडलच्या मुठी हातात असायच्या. त्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. मी त्या धरून चालायचे आणि मनात म्हणायचे, आता पोचले असतील. आता माय विचारत असेल, जेवला काय गा? आता दोघं बाहेर खाटेवर बसले असतील. सगळा त्यांचा दिवस मी इकडे शटरांसमोरून चालत जगायचे. घरी आई ओरडायची, "कुठं जातं वं दर सोमवारी? लोक काय म्हनतीन?" एक स्थळ आलं होतं, मुलगा कापडाच्या दुकानात होता. त्याला बघायला यायला वेळ कधी, तर सोमवारी. आम्हीच मिळवून दिलेला सोमवार. मी निरोप पाठवला की सोमवारी मी घरी नसते. पुन्हा काही ते लोक आले नाहीत, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

एकदा त्यांनीच विचारलं होतं. मंगळवारी संत्री ठेवली आणि उभेच राहिले. म्हणाले, बाई, तुमाले सोमवार राह्यलाच नाही. मी बिलाच्या वहीत डोकं घालून म्हटलं, मला काय करायचा आहे तो? ते तराजूकडे गेले. त्या दिवशी "आनखी काय देऊ" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी काय मागितलं असतं, हा विचार मी नंतर कितीतरी सोमवारी केला.

वर्षं गेली. भाऊ नोकरीला लागले, त्यांची लग्नं झाली. भांडार तोट्यात गेलं आणि बंद पडलं, मी एका औषधाच्या दुकानात लागले. सेक्रेटरींचे गुडघे गेले, तेव्हा ते तराजू सोडून कायमचे गावी निघून गेले. त्यांच्यामागे युनियनही पातळ होत गेली, नव्या पोरांना पावती फाडायचा कंटाळा. तरी मी जमेल तेवढे सोमवार फिरत राहिले. पुढे मालकांनीच सोमवारही उघडायला सुरुवात केली, तिप्पट दुकानं झाली होती, कोण कुणाला विचारतो? आणि मग एक दिवस नरखेडकडचा ओळखीचा कंडक्टर दुकानात औषध घ्यायला आला आणि सहज सांगून गेला की ते वारले.

त्यांच्या गावाला मी तेव्हा पहिल्यांदा गेले. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. केस पांढरे, डोळे मात्र तेच. लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं, सोमवार सुरू झाल्यावर मुलगी झाली, हे मी ऐकून होते, तिला पाहिलं मात्र त्या दिवशीच. बापासारखी उंच. मला बघून म्हणाली, "ह्या सोमवारवाल्या आत्या ना?" बाबा घरी माझ्याविषयी असंच बोलायचे म्हणे. आत्या. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मुलगी चहा ठेवायला आत गेली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमच्या सोमवारावर माहा संसार झाला बाई." मी म्हटलं, असं कसं, ते युनियनचं काम होतं. त्यांनी मान हलवली.

"एक बोलू काय? मले मालूम होतं." माझ्याकडे न बघता त्या सांगत होत्या. "मी बाजारात आली होती ना, त्या दिवशी. सगळा रस्ता तुमी त्यायच्याच गोष्टी सांगून राह्यल्या होत्या. कसे बोलते, कसे चालते, काय खाते. मी त्यायची बायको, आन् मले त्यातलं अर्ध मालूम नव्हतं. तवाच समजली. समजून-उमजून गाडीत बसल्यावर तसं बोलली मी तुमाले. मले मालूम होतं तुमी राखानच म्हनून. मंग घेत राह्यली तुमचे सोमवार. वापस द्याचं मनात नाही आलं कधी."

मला राग यायला हवा होता. नाही आला. इतकी वर्षं मी एकटीच सांभाळत होते ते आणखी कुणाला तरी ठाऊक होतं, एवढंच मला पुरलं. ज्यांना ठाऊक व्हावंसं वाटत होतं त्यांना ते होतं की नव्हतं, हे विचारायला माणूस उरलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. तो शेतातल्या कामानं खरखरीत झालेला, गरम हात होता.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही घेतले नसते, तर मी ते कुणाला दिले असते?"